सर्व्हरचा पासवर्ड ग्रुपवर टाकणं आता तरी थांबवा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या पेपरात ओटीपी विचारून पैसे लुबाडल्याची बातमी जवळजवळ रोज असते आणि ती असायलाच हवी, माझी आई ती वाचून आता अनोळखी फोन उचलतच नाही. पण एक दार असं आहे की ज्याच्याबद्दल कुणी बोलत नाही, आणि आपल्या नाशिकमधल्या शेकडो छोट्या धंद्यांचा सगळा हिशोब त्या दारामागे आहे, म्हणून हे पत्र लिहितेय, जरा लांबलंय पण जमलं तर पूर्ण छापा.

मी पाथर्डी फाट्याला राहते आणि गेली बारा वर्षं छोट्या पार्ट्यांचे सर्व्हर सांभाळते, अंबड-सातपूरची वर्कशॉप, एक पॅथॉलॉजी लॅब, ट्रान्सपोर्टवाले, द्राक्षांची पॅकहाऊसं. यातल्या बहुतेकांचा सर्व्हर ऑफिसात नसतोच, कुठल्यातरी डेटा सेंटरमध्ये महिन्याच्या भाड्याने घेतलेला असतो आणि त्यात शिरायचा रस्ता म्हणजे एसएसएच, लांबून दुसऱ्या मशीनवर सुरक्षित लॉगिन करायचा प्रोग्राम. त्याला पासवर्ड. आणि तो पासवर्ड असतो व्हॉट्सॲप ग्रुपवर, पिन करून ठेवलेला, गावाचं नाव, ॲट, एकदोनतीन. मी हे वाढवून सांगत नाहीये, गेल्या वर्षभरात मी जितक्या नवीन पार्ट्यांकडे गेले त्यातल्या बहुतेक ठिकाणी असंच काहीतरी होतं.

दोन वर्षांपूर्वीचा फेब्रुवारी. दिंडोरी रोडच्या बाजूचं एक पॅकहाऊस, मालकांना आम्ही सगळे नाना म्हणतो. ऐन सीझन, कंटेनर लागलेले, आणि पॅकिंग लिस्ट निघेना, एक बिल काढायला पाच-सात मिनिटं. मुलं म्हणतात नेट स्लो आहे. मी आत जाऊन बघितलं तर प्रोसेसर शंभर टक्क्यांवर, आणि तो खाणाऱ्या प्रोग्रामचं नाव असं ठेवलेलं की सिस्टीमचंच काहीतरी वाटावं. मायनर होता, म्हणजे नानांच्या भाड्याच्या मशीनवर दुसराच कुणीतरी स्वतःसाठी क्रिप्टो कॉइन काढत बसला होता. लॉग, म्हणजे सर्व्हरची नोंदवही, उघडला तर रूटच्या (सगळे अधिकार असलेल्या यूजरच्या) नावाने फेल्ड पासवर्ड, फेल्ड पासवर्ड, फेल्ड पासवर्ड, पानंच्या पानं, आणि एका पहाटे त्यात एक ॲक्सेप्टेड. झालं.

प्रोग्राम मारला, क्रॉनमधली (ठरल्या वेळी प्रोग्राम आपोआप चालवणाऱ्या यादीतली) ओळ काढली, पासवर्ड बदलला, मोठा ठेवला, घरी आले. दोन दिवसांनी ये रे माझ्या मागल्या. परत शंभर टक्के. आता पासवर्ड तर मला आणि नानांनाच माहीत होता, मग आला कसा? तेव्हा मी रूटच्या घरातल्या डॉट एसएसएच फोल्डरमधली ऑथोराइझ्ड कीज ही फाइल, म्हणजे पासवर्डशिवाय कुणाकुणाला आत सोडायचं त्याची यादी, उघडली, जी मी आधी बघायला हवी होती आणि बघितली नव्हती, तर तिच्यात एक ओळ आमची नव्हती. चोराने आत आल्या आल्या स्वतःची पब्लिक की (किल्लीच्या जोडीतली एक फाइल, खाली सांगते) तिथे टाकून ठेवली होती, त्यामुळे पासवर्ड कितीही बदला, त्याला तो लागतच नव्हता. तो सर्व्हर मग मी ठेवलाच नाही, नवीन घेतला, बॅकअपवरून डेटा चढवला, आणि त्या गडबडीत नानांचे सीझनचे अडीच दिवस गेले. सीझनला अडीच दिवस म्हणजे काय ते द्राक्षवाल्याला विचारा.

मला त्या दिवशी लख्ख जाणवलं ते हे की ज्या गोष्टीचा चोराने एवढा नीट वापर केला ती गोष्ट मालकाने वापरलीच नव्हती. तीच गोष्ट आपण आपल्यासाठी का लावत नाही?

आता ही भानगड काय आहे ते साध्या शब्दांत सांगते. तुमच्या लॅपटॉपवर एक कमांड चालवली की दोन फाइली जोडीने तयार होतात. एक प्रायव्हेट, ती तुमच्याच मशीनवर राहते. दुसरी पब्लिक, तिचं नाव डॉट पबने संपतं, ती कुणाला दिली तरी काही बिघडत नाही. पब्लिकवाली म्हणजे कुलूप समजा, दहा दारांना लावा, उघडणार फक्त तुमच्याजवळच्या किल्लीने, आणि कुलूप बघून किल्ली घडवता येत नाही. लॉगिनच्या वेळी तुमचा लॅपटॉप त्या एका कनेक्शनपुरत्या माहितीवर प्रायव्हेट कीने सही करतो आणि सर्व्हर ती सही तुमच्या पब्लिक कीशी पडताळून बघतो, बास. किल्ली स्वतः लॅपटॉप सोडून कुठेच जात नाही. पासवर्डचं उलटं, वाटेत तो एन्क्रिप्ट होऊन गेला तरी शेवटी सर्व्हरच्या हातात पडतोच, मग तो सर्व्हर खोटा निघाला किंवा आधीच कुणी ताब्यात घेतलेला असला तर तुमचा पासवर्ड त्याला आयता मिळाला. आणि पासवर्ड अंदाजाने ओळखता येतो, रात्रभर मशीन लावून लाख वेळा मारून बघता येतो. किल्लीचं तसं होत नाही.

हे काही कालपरवाचं खूळ नाही हो. दोन किल्ल्यांची कल्पना व्हिटफिल्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी १९७६ मध्ये मांडली, पुढच्याच वर्षी एमआयटीमधल्या रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघांनी त्यावर चालणारी आरएसए ही पद्धत तयार केली. १९९५ मध्ये फिनलंडला हेलसिंकीच्या टेक्नॉलॉजी युनिव्हर्सिटीच्या नेटवर्कवर कुणीतरी पासवर्ड चोरायचा प्रोग्राम बसवला, तेव्हा सगळे लांबून लॉगिन करायला टेलनेट वापरायचे आणि त्यात पासवर्ड उघडाच जायचा, ते बघून तिथल्याच टाटू इलोनेन यांनी एसएसएच लिहिलं. म्हणजे ही वस्तू जन्माला आलीच मुळी पासवर्डच्या चोरीतून, आणि आपण तीस वर्षांनी तिच्यात गावाचं नाव ॲट एकदोनतीन घालतो. १९९९ पासून ओपनबीएसडी ही फुकट ऑपरेटिंग सिस्टीम बनवणाऱ्यांचं ओपनएसएसएच आहे, फुकट आहे, बहुतेक लिनक्स सर्व्हरवर तेच असतं, आणि विंडोज १० मध्ये सुद्धा २०१८ पासून त्याचा क्लायंट आतच मिळतो. खर्च शून्य. माझं या गोष्टीवरून डोकं फिरतं ते यासाठीच, पैसे लागत असते तर समजू शकले असते.

करायचं कसं, तर लॅपटॉपवर एसएसएच-कीजेन चालवायचं, प्रकार ईडी२५५१९ निवडायचा (ओपनएसएसएचच्या ९.५ पासून, म्हणजे २०२३ पासून, तोच आपोआप निवडला जातो), पासफ्रेज विचारेल तिथे एंटर मारून पुढे जायचं नाही, नीट लांब वाक्य द्यायचं. मग एसएसएच-कॉपी-आयडी ने पब्लिक की सर्व्हरवर टाकायची. विंडोजवर ती कमांड नसते, तिथे हाताने चिकटवावी लागते आणि खरी गडबड इथेच होते. ईडी२५५१९ ची पब्लिक की ही एका ओळीत बसते, पुढे प्रकाराचं नाव, मग अडुसष्ट अक्षरं, मग शेवटी तुमचं नाव किंवा खूण. ती नोटपॅडमधून नाहीतर व्हॉट्सॲपमधून चिकटवताना मध्येच तुटून दोन ओळी होतात आणि सर्व्हर ती ओळखत नाही. पुट्टी (विंडोजवरचा एसएसएचचा एक प्रोग्राम) वापरणाऱ्यांची अजून एक गडबड, पुट्टीजेनमध्ये सेव्ह पब्लिक की दाबलं की फाइल वेगळ्याच साच्यात निघते, चार-पाच ओळींची, ती चालत नाही, वरच्या चौकोनात जी एक लांब ओळ दिसते ती सिलेक्ट करून घ्यायची. सातपूरच्या एका वर्कशॉपमधला मुलगा याच्यावर पूर्ण दुपार घालवून बसला होता आणि शेवटी म्हणाला ताई हे की-बिकी आपल्याला जमणार नाही, पासवर्डच बरा. फोनवर दोन मिनिटांत झालं त्याचं.

दुसरं घोडं अडतं परमिशनवर. डॉट एसएसएच फोल्डर ७००, आतली फाइल ६००, म्हणजे फक्त तुम्हालाच उघडता येईल असं, आणि तुमचं होम फोल्डर दुसऱ्या कुणाला लिहिता येईल असं उघडं नको, नाहीतर सर्व्हर तुमची की बघतच नाही, काही न बोलता पासवर्ड मागायला लागतो. कारण लॉगमध्ये असतं, बॅड ओनरशिप ऑर मोड्स, पण लॉग उघडतो कोण. लोक वैतागून सगळ्याला ७७७, म्हणजे कुणालाही काहीही करायची मुभा, देतात आणि मग तर ते अजिबातच चालत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे अर्धे लोक करतच नाहीत. की चालली म्हणून खूश होऊन थांबतात, पासवर्डचं दार उघडंच. पुढच्या दाराला भारीतलं लॅच बसवलं आणि मागच्या दाराची कडी तशीच काढलेली, असं आहे ते. एसएसएचडी-कॉन्फिग या सर्व्हरवरच्या सेटिंगच्या फाइलीत पासवर्ड ऑथेंटिकेशन नो करायचं, कीबोर्ड-इंटरॲक्टिव्ह (पासवर्ड विचारायचा दुसरा रस्ता) पण नो. पण उबुंटूचा क्लाउड सर्व्हर असेल तर तिथे अजून एक खड्डा आहे, मेन फाइलच्या वरच्या भागात एका वेगळ्या फोल्डरमधल्या फाइली आत ओढल्या जातात, त्यात क्लाउड-इनिटची (नवीन क्लाउड सर्व्हर पहिल्यांदा लावून देणाऱ्या प्रोग्रामची) एक फाइल असू शकते जी पासवर्ड येस म्हणते, आणि ओपनएसएसएचचा नियम असा की जी किंमत आधी सापडली ती खरी. म्हणजे तुम्ही खाली नो लिहून निवांत झोपलात, आणि चालू मात्र येस. मी स्वतः एका पार्टीकडे हे सहा महिन्यांनी पकडलं. म्हणून लिहिलेल्यावर विश्वास ठेवायचा नाही, एसएसएचडी कॅपिटल टी घालून चालवायचं, ते खरोखर काय लागू आहे ते छापून देतं. आणि बाहेरच्या एखाद्या मशीनवरून, जिथे तुमची की नाही, लॉगिन करून बघायचं, पासवर्ड न विचारता सरळ परमिशन डिनाइड आणि कंसात पब्लिक की असं आलं तर काम झालं.

हे करताना चालू असलेली विंडो बंद करायची नाही! दुसरी विंडो उघडून तिच्यातून कीने आत जाता येतंय हे डोळ्यांनी बघायचं, मगच पहिली बंद. नाहीतर स्वतःच बाहेर राहाल आणि होस्टिंगवाल्याच्या कन्सोलमधून आत शिरायची कसरत करावी लागेल, आणि त्या कन्सोलचा पासवर्ड नेमका कुणालाच आठवत नसतो.

पण संपादक साहेब, चोर बाहेर राहतो एवढंच सांगायला मी हे पत्र लिहीत नाहीये. माझा खरा मुद्दा माणसांचा आहे. एका पासवर्डवर पाच जण आत येतात तेव्हा लॉगमध्ये दिसतं काय, रूट आला, रूट गेला. कोण ते माहीत नाही. फाइल उडाली तर पाचही जण म्हणतात मी नाही, आणि पाचही जण बहुतेक खरंच बोलत असतात आणि तरी एकमेकांकडे संशयाने बघायला लागतात. मी एका ऑफिसात हे बघितलंय, एका मुलीला सगळ्यांनी बोल लावला, ती रडत माझ्याकडे आली, आणि तिने केलेलं नव्हतं, पण ते दाखवायला माझ्याकडे काहीही नव्हतं. प्रत्येकाचा वेगळा यूजर आणि प्रत्येकाची स्वतःची की असती तर लॉगमध्ये त्या लॉगिनच्या ओळीतच कीचा फिंगरप्रिंट, म्हणजे तिची छोटी ओळखखूण, आला असता, तारीख वेळेसकट, आणि त्या पोरीला एवढं ऐकून घ्यावं लागलं नसतं. ते अजून माझ्या मनातून गेलेलं नाही.

मुलगा नोकरी सोडून जातो तेव्हाही तेच. पासवर्ड बदलायचा तर पाच जणांना कळवा, तीन प्रोग्रामांत बदला, बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये बदला, म्हणून कुणी बदलतच नाही आणि सोडून गेलेल्या माणसाच्या फोनमध्ये तो ग्रुप तसाच असतो. तो मुलगा वाईट असतो असं नाही हो, त्याचा फोन दुसऱ्याच्या हातात गेला तरी पुरे. कीमध्ये फक्त त्याची एक ओळ काढायची, बाकी कुणाला हात लावायचा नाही, कुणाला कळवायचं नाही.

सरकारी नियम पण याच दिशेने आहेत. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशात सायबर घटना कळल्यापासून ६ तासांत कळवायची आणि लॉग १८० दिवस सांभाळायचे असं सांगितलंय. पण ज्या लॉगमध्ये नुसतं रूट रूट लिहिलंय तो सहा महिने सांभाळून करणार काय?

की म्हणजे जादू आहे असं मात्र कुणी समजू नका. प्रायव्हेट की ग्रुपवर टाकणारे लोक मी बघितलेत, डॉट पबवाली पाठवायची ती सोडून दुसरीच पाठवतात, जिच्या पहिल्याच ओळीत ओपनएसएसएच प्रायव्हेट की असं ढळढळीत लिहिलेलं असतं. तशी गेली असेल तर ती डिलीट फॉर एव्हरीवन करून भागत नाही, नवीन जोडी बनवा आणि जुनीची ओळ सर्व्हरवरून काढा. आणि ऑफिसभर एकच प्रायव्हेट की पेनड्राइव्हवरून वाटायची हे तर पासवर्डपेक्षा काही वेगळं नाही. पासफ्रेज का हवी म्हणाल तर माझ्या ओळखीतला एक मुलगा मुंबईला अप-डाऊन करतो, त्याची बॅग पंचवटी एक्सप्रेसमध्ये राहिली, लॅपटॉपसकट. बॅग मिळाली नाही. पण कीला चांगली लांब पासफ्रेज होती, आणि त्याने कल्याणच्या पुढच्या गाडीतूनच मला फोन केला, मी अकरा सर्व्हरवरून त्याची ओळ काढली, अर्धा तास लागला असेल. त्याच्याऐवजी त्या लॅपटॉपवर पासवर्डची एक्सेल शीट असती तर? रोज पासफ्रेज टाइप करायचा कंटाळा येतो हे खरं आहे, त्याला एसएसएच-एजंट आहे, दिवसातून एकदा टाकली की तो लक्षात ठेवतो.

अजून एक, पहिल्यांदा कनेक्ट करताना सर्व्हर स्वतःचा फिंगरप्रिंट दाखवून विचारतो की हाच ना, आणि आपण सगळेच डोळे झाकून येस मारतो. सर्व्हर बनवणाऱ्याकडून तो फिंगरप्रिंट फोनवर विचारून घ्या, एकदाच करायचंय.

पुढच्या वर्षभरात नाशिकमध्ये किती सर्व्हर उभे राहणार आहेत याचा विचार करा. २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे, पंचवटीतल्या लॉजचं बुकिंग, पार्किंग, बस, जेवणाची कंत्राटं, प्रत्येकाला घाईत काहीतरी ॲप हवंय, आणि घाईत उभ्या केलेल्या सर्व्हरचा पासवर्ड कसा ठेवला जातो ते मी वर लिहिलंच आहे. इंटरनेटवर नवीन मशीन चढवून पोर्ट २२, म्हणजे एसएसएचचं दार, उघडं ठेवलं की चहा होईपर्यंत रूट, ॲडमिन, टेस्ट, उबुंटू, ओरॅकल अशा नावांनी दार ठोठवायला सुरुवात होते, कुणाला तुमचं नाव माहीत असायची गरजच नाही, ती मशीनंच असतात, पत्त्यामागून पत्ता मारत जातात. यात भाविकांचे फोन नंबर असणार आहेत, आधारच्या झेरॉक्सचे फोटो असणार आहेत. ज्यांनी ही कामं दिली आहेत त्यांनी ठेकेदाराला आत्ताच विचारावं, पासवर्ड लॉगिन बंद आहे का, कुणाकुणाच्या की आहेत त्याची यादी दाखव. यादी दाखवता येत नसेल तर काम अर्धं झालंय असं समजायचं.

आणि कॉलेजांना माझी कळकळीची विनंती. आपल्याकडे एवढी इंजिनिअरिंग कॉलेजं, पोरं चार वर्षं नेटवर्क सिक्युरिटी शिकतात, आरएसएची गणितं परीक्षेत पाठ करून सोडवतात, आणि माझ्याकडे कामाला येतात तेव्हा स्वतःच्या हाताने एक की कधी बनवलेली नसते. लॅबमध्ये तीस पोरं एकाच यूजर-पासवर्डने बसवण्यापेक्षा पहिल्याच प्रॅक्टिकलला प्रत्येकाची की बनवून घ्या, तेच गणित त्यांना समोर चालताना दिसेल.

नानांनी त्यानंतर एक साधी वही केली. सीझनच्या हुंडेकऱ्यांची वही जिथे ठेवतात त्याच कपाटात ती असते, माणसाचं नाव, की कधी टाकली, फिंगरप्रिंटची शेवटची आठ अक्षरं, आणि कधी काढली. दर महिन्याच्या एक तारखेला मी फोनवर फाइलमधल्या ओळी वाचते आणि ते वहीवर बोट ठेवून हो म्हणतात, एखादी ओळ वहीत नसली तर तिथेच थांबायचं असं ठरलंय. नाना सातवीपर्यंत शिकलेत. गेल्या गुरुवारी त्यांच्याकडच्या मुलाला पुण्याला नोकरी लागली, पेढे घेऊन आला होता, आणि तो गेटच्या बाहेर पडायच्या आत नानांचा मला फोन, ताई, पोरगं चाललंय, चांगलं पोरगं आहे, तेवढी त्याची ओळ काढा. काढली, आणि त्यांनी वहीत तारीख टाकली.

आपली,
एक वाचक
पाथर्डी फाटा, नाशिक